चिमण्यांची तयार घरटी आणि पाण्याची परळं: काय घ्यावं, काय दुकानातच राहू द्यावं

मार्च उजाडला की सोलापुरातल्या रोपवाटिकांत, शोभेच्या वस्तूंच्या दुकानांत आणि रस्त्याकडेला मडकी मांडून बसलेल्यांकडे एकच माल दिसू लागतो: लाकडी घरटी, पाण्याची परळं म्हणजे पसरट भांडी, दाण्याच्या बाटल्या. २० मार्चचा जागतिक चिमणी दिन २०१० पासून पाळला जातो आणि ऊनही त्याच सुमारास चटके द्यायला लागतं, त्यामुळे खप बरा. घेणाऱ्याचा हेतूही चांगला. फक्त यातली बरीच घरटी माणसाला आवडावीत म्हणून बनवलेली असतात: कौलारू छप्पर, खोटी खिडकी, धुराडं, दारावर ‘सुस्वागतम्’. चिमणी बघते ते भोक केवढं आहे, आत पुरेसा अंधार आहे का आणि दुपारी आत भाजून निघेल का. हे परीक्षण तिच्या बाजूनं आहे.

आधी भोक, कारण निम्मी घरटी इथेच नापास होतात. चिमणीला ३२ मिलिमीटर व्यासाचं भोक पुरतं, ३५ पर्यंत चालतं. ४५ च्या पुढे गेलं की साळुंकी आत शिरते आणि तिच्याशी भांडणात चिमणी टिकत नाही. दुकानात मोजपट्टी कोण नेतो? खिशातलं दहा रुपयांचं नाणं काढा. ते २७ मिलिमीटरचं असतं. भोकाच्या मधोमध धरल्यावर चहूबाजूंनी अडीच ते चार मिलिमीटरची फट दिसली तर माप बरोबर. फटीतून करंगळी जायला लागली तर ते साळुंकीचं घर. आवडलेल्या घरट्याचं भोक मोठं असेल तरी ते फेकायला नको. तीन इंची चौकोनी फळीच्या तुकड्याला ३२ चं भोक पाडून तो तुकडा पुढून ठोकला की काम भागतं. घराभोवती खारी फार असतील तर याच तुकड्यावर पत्र्याची चकती बसवावी, नाहीतर खार कडा कुरतडून भोक मोठं करते. चकतीची धार कानशीनं मारायला विसरू नये.

भोकाची उंचीही बघावी. भोकाच्या खालच्या कडेपासून आतल्या तळापर्यंत ११ ते १२ सेंटिमीटर अंतर हवं. उथळ घरट्यात चिमणी गवत भरते, तळ वर येतो आणि पिल्लं दारापाशी पोचतात. मग कावळ्याला आत शिरावंही लागत नाही, चोच घातली की झालं. भोकाखाली बसायला लावलेली ती काडी तर जवळपास प्रत्येक तयार घरट्याला असते. दिसते छान. चिमणीला तिची गरज नसते, ती थेट भोकाच्या कडेला नखं रोवते. काडीचा उपयोग होतो कावळ्याला आणि साळुंकीला. विकत आणलेल्या घरट्याची काडी आधी करवतीनं मुळापासून कापावी.

आता माल कशाचा आहे ते. पुठ्ठ्याची घरटी सर्वांत स्वस्त, शाळेच्या कार्यशाळेत मुलांना जोडायला उत्तम. पण उघड्यावर वळवाच्या पहिल्या सरीत त्यांचा लगदा होतो. जिन्याखाली किंवा पोर्चमध्ये, जिथे एक थेंबही येत नाही अशा जागी एखादा हंगाम निघतो. एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची, घरटी गुळगुळीत, रंगीत आणि लेझरनं कापलेली असतात आणि दुकानात सर्वांत देखणी तीच दिसतात. पाणी लागलं की कडेनं फुगतात आणि भुगा होऊन गळतात. घेऊ नयेत. साधा प्लायवूड एक-दोन पावसाळ्यांत पदर सोडतो. पाण्यात टिकणारा प्लाय, किमान १२ मिलिमीटर जाडीचा, चांगला चालतो; नव्या प्लायला गोंदाचा उग्र वास असतो, तो जाईपर्यंत आठवडाभर घरटं उघडं करून वाऱ्यावर ठेवावं. पत्रा आणि प्लास्टिक या गावात विकूच नये खरं तर. मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो, तेव्हा अशा डब्यात अंडी उबत नाहीत, भाजतात.

मातीच्या मडक्याचं घरटं मात्र उपेक्षित राहिलंय. जाड मातीचं, न रंगवलेलं मडकं लाकडाइतकंच सोसतं. त्याचे दोष दोन. भोक कुंभारानं अंदाजानं पाडलेलं असतं, बहुतेकदा मोठं. आणि मागून किंवा खालून उघडायची सोय नसते, म्हणजे साफ करता येत नाही. तोंड मागे भिंतीकडे येईल असं आडवं बसवायचं, तोंडाला लाकडी झाकण आणि पोटाला ३२ चं भोक, असं सांगून करून घेतलं तर ते बाजारातल्या नक्षीदार लाकडी घरट्यांपेक्षा सरस ठरतं. भाजण्याआधी ओल्या मातीत भोक पाडायला सांगावं; मडकं भाजून पक्कं झाल्यावर ड्रिल लावलं की तडा जातो. आणि भाजताना माती आकसते, म्हणून ओल्यात भोक दोन-तीन मिलिमीटर मोठं धरावं. नारळाच्या करवंटीची घरटी ही निव्वळ शोभा आहे, आत चार पिल्लांची जागाच नसते.

सर्वांत चांगला पर्याय अर्थातच सुताराकडे. सहा इंच रुंद, पाऊण इंच जाड, साडेचार फूट लांब अशी एकच फळी लागते. तिच्यातून पाठ ३५ सेंटिमीटर, दोन बाजू मिळून ४५ (तिरकी कापून प्रत्येकीची मागची कड २५ आणि पुढची २० येते), पुढचा भाग २०, छप्पर २२ आणि तळ ११. करवतीच्या वाटेत जाणारा भुसा धरूनही फळी पुरते. भोकाचा मध्य पुढच्या फळीच्या वरच्या कडेपासून ५ सेंटिमीटर खाली घ्यायचा. तळाच्या चार कोपऱ्यांत ६ मिलिमीटरची भोकं, पाणी निथळायला. दोन्ही बाजूंना अगदी वर, छपराच्या सावलीत, तशीच दोन-दोन भोकं, गरम हवा निघून जायला. ही वरची भोकं विकतच्या घरट्यांत हमखास नसतात आणि आपल्याकडे तीच सर्वांत गरजेची. छप्पर बिजागरीनं लावण्याऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी मागच्या फटीवर ठोकावी: उघडतंही आणि फटीतून पाणीही आत जात नाही. पुढच्या बाजूला एक हूक, मांजरानं छप्पर उचलू नये म्हणून.

फळी साग हवी असा आग्रह नको. मालाच्या पेट्यांचं पाइन लाकूड चालतं, पण त्यावरचा शिक्का बघून घ्यावा. ‘एचटी’ असेल तर ते लाकूड नुसतं तापवून जंतुमुक्त केलेलं असतं. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, ते सोडून द्यावं. आतून रंग, वॉर्निश, पॉलिश काहीही नको. रंध्याचा हातही आतून फिरवू नये, कारण पिल्लांना चढून भोकापर्यंत यायला खरखरीत पृष्ठभाग लागतो. बाहेरून रंगवायचंच तर पाण्यात मिसळणारा फिकट रंग.

लावायची जागा चुकली की उत्तम घरटंही रिकामं राहतं. सोलापुरात पश्चिमेची भिंत म्हणजे दुपारी तीननंतर तवा. तिथे आणि दक्षिणेला लावू नये. उत्तरेला किंवा पूर्वेला, सज्जाखाली, जमिनीपासून आठ ते बारा फुटांवर, भिंतीला दोन स्क्रूंनी घट्ट. झाडाला दोरीनं टांगलेलं, वाऱ्यावर झुलणारं घरटं जाहिरातीत गोड दिसतं, पण चिमणीला भिंतीतली स्थिर फट हवी असते. जुन्या सोलापुरात ती मुबलक होती. माळवदाच्या तुळया, त्यांवर आडव्या घातलेल्या काड्या-फळकुटांचं किलचण, दगडी भिंतीतल्या सांधी. स्लॅब आणि सरकत्या खिडक्यांच्या घरांत बोट घालायला जागा उरली नाही. ही तयार घरटी आहेत ती नेमकी त्या सांधींची भरपाई, म्हणून ती सांधीसारखीच बसवायची. छताच्या पंख्याच्या वाऱ्यात मात्र कधीही नाही. चिमण्या शेजार धरून राहतात. दीड-दोन फुटांच्या अंतरानं तीन घरटी लावली तर एकापेक्षा शक्यता वाढते.

घरट्याला जोडूनच दाण्याची वाटी असलेला एक प्रकार मिळतो, दोन्ही कामं एकात म्हणून. तो घेऊ नये. दाण्यावर कावळे, कबुतरं, रात्री उंदीर येतात, आणि पिल्लांच्या दारात एवढी वर्दळ परवडत नाही. दाणा-पाणी घरट्यापासून पाच-सहा मीटर तरी लांब.

घरट्यात आपण काहीही भरून ठेवायचं नाही. कापूस, चिंध्या, सूत तर मुळीच नाही. चादरी-टॉवेलच्या या गावात यंत्रमागाच्या आसपास सुताचे गुंते सहज पडलेले असतात आणि चिमण्या ते आवडीनं उचलतात. लांब धागा पिल्लाच्या पायाला वेढला जातो, पाय वाढतो, धागा वाढत नाही. पाय सुकतो किंवा पिल्लू घरट्यालाच अडकून लोंबकळतं. कारखान्याबाहेरचं सूत झाडून बंद पिशवीत टाकणं हे इथल्या चिमण्यांसाठी घरटं लावण्याइतकंच मोलाचं आहे. द्यायचंच तर सुकं गवत आणि दोन इंचांपेक्षा आखूड कापलेला काथ्या अंगणात ठेवावा, ती स्वतः नेते.

एकदा चिमणी बसली की अंडी तीन ते पाच, उबवणं साधारण बारा दिवस, आणि त्यानंतर पंधरा दिवसांच्या आसपास पिल्लं उडतात. या महिनाभरात छप्पर उघडून बघायचं नाही, मोबाइल भोकाला लावायचा नाही. पिल्लं उडाल्यावर आठवडाभर थांबून, चिमणा-चिमणी पुन्हा गवत नेत नाहीत याची खात्री करून मगच साफसफाई. तोंडाला फडकं, हातात मोजे. जुनं गवत काढून उकळतं पाणी ओतायचं आणि कडक उन्हात वाळवायचं. झुरळाचा खडू, फवारा, डांबरगोळ्या यांपैकी काही नको. उकळत्या पाण्यानं पिसवा आणि गोचिडं मरतात, तेवढं पुरे. तळ किंवा छप्पर उघडत नसलेलं घरटं इथेच निकालात निघतं, म्हणून दुकानदाराला आधीच विचारावं: हे उघडतं कुठून?

आता परळ. खरं सांगायचं तर सोलापूरच्या उन्हाळ्यात घरट्यापेक्षा याचाच उपयोग जास्त, कारण पाण्याला चिमणीसोबत साळुंकी, बुलबुल, सूर्यपक्षी, होले, खारी, मधमाश्या सगळेच येतात. घ्यायचं ते न रंगवलेलं, न चकाकणारं मातीचं. पाणी अंगातून पाझरून वाफ होतं आणि परळ गार राहतं. ऑइलपेंटनं फुलं काढलेल्या परळाची छिद्रं बुजतात, पाणी तापतं, आणि वर्षभरात रंगाच्या खपल्या पाण्यात उतरतात. नेमकी हीच जास्त किमतीला विकली जातात. व्यास २५ ते ३० सेंटिमीटर, कडेला खोली २-३ सेंटिमीटर, मध्ये फार तर ५. खोल मडक्याचं अर्धुक घेतलं असेल तर त्यात खडबडीत दगड असे रचावेत की दोन-तीन पाण्याच्या वर राहतील. लहान पक्षी त्यावर उभे राहून पितात आणि मधमाश्या बुडत नाहीत. नवं परळ रात्रभर पाण्यात बुडवून मग वापरायचं. सिमेंटचं परळ वजनदार, वळवाच्या वाऱ्यात उडत नाही, पकडही चांगली देते. पण नव्या सिमेंटमधून चुना सुटतो, तेव्हा आठवडाभर रोज पाणी बदलून मगच पक्ष्यांना खुलं करावं. स्टीलची थाळी तापते आणि पाय घसरतात. प्लास्टिकच्या कापलेल्या बाटल्या तारेनं झाडाला बांधण्याचा कार्यक्रम दर उन्हाळ्यात होतो; पंधरवड्यात त्या कोरड्या, हिरव्या किंवा फुटलेल्या असतात आणि जूनपर्यंत कचरा म्हणून झाडावरच राहतात.

पाणी रोज बदलायचं, इथे सवलत नाही. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पूर्ण डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. नुसतं पाणी ओतून टाकणं भागत नाही, कारण त्याची अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. काथ्यानं कड घासून काढावी लागते. साबण नको. बोअरच्या जड पाण्यानं पांढरा थर धरला तर लिंबाची फोड घासून, भरपूर पाण्यानं विसळून घ्यावं. नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात ही चैन वाटेल, पण हिशेब करून बघा: असं परळ भरायला लिटरच्या आतबाहेर पाणी लागतं आणि सकाळी काढलेलं शिळं पाणी कुंडीला जातं. वाया काहीच जात नाही.

परळ सावलीत ठेवावं, पण झुडपाला अगदी खेटून नको. भिजलेल्या पक्ष्याला उडायला क्षण जास्त लागतो आणि मांजर नेमकं तेवढ्यावर टपलेलं असतं. सहा-सात फुटांची मोकळी जागा आणि त्यापलीकडे झेप घ्यायला फांदी, असं जमलं तर उत्तम.

दाण्याच्या बाटल्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. उन्हाळ्यात बऱ्या, पावसाळ्यात दाणा आत भिजून बुरशी धरते, म्हणून जूनमध्ये धुऊन उचलून ठेवाव्यात. त्यापेक्षा सकाळी दोन चमचे बाजरी किंवा ज्वारीची कणी कठड्यावर टाकावी, तासाभरात संपेल एवढीच. उरली तर कबुतरं आणि उंदीर. ब्रेड, फरसाण, चिवडा, मीठ-तिखट लागलेलं काहीही नाही. शेंगाचटणी आणि कडक भाकरी आपल्यासाठी.

यापुढची गोष्ट दुकानात मिळत नाही. चिमणी दाणे खाते म्हणून पिल्लंही दाण्यावर वाढतात असं वाटतं, पण पहिले काही दिवस त्यांना अळ्या, मावा, छोटे किडेच भरवले जातात. खाली जास्वंदीवर मावा दिसला की औषध मारायचं आणि वर घरटं लावायचं, हे दोन्ही एकत्र चालत नाही. घरट्यात पिल्लं उपाशी मेलेली सापडण्यामागं बऱ्याचदा हे कारण असतं. मावा पाण्याच्या फवाऱ्यानं झाडून काढावा, उरलेला चिमण्या बघून घेतात. मेंदी, कढीपत्ता, बोर यांतलं एखादं दाट झुडूप असेल तर अळ्याही मिळतात आणि रात्रीची थाऱ्याला जागाही. आणि एक ट्रेभर बारीक चाळलेली कोरडी माती, तीन सेंटिमीटर जाडीची: चिमण्या तिच्यात धूळस्नान करतात, पिसांतले किडे झाडतात. आपली काळी माती ओली झाली की चिकटते, वाळली की ढेकळं होतात, तेव्हा रेतीमिश्रित पोयटा बरा.

‘चिमणी वाचवा, निसर्ग वाचवा’ असं पुठ्ठ्यावर छापून विकणाऱ्यांनी एक तपशीलही छापावा. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा २०२० चा अहवाल सांगतो की देशभराचा विचार करता चिमण्यांची संख्या गेल्या पंचवीसेक वर्षांत साधारण स्थिर आहे. घट दिसते ती महानगरांत. खरी आणीबाणी आपल्या उत्तर सोलापूर तालुक्यात, नान्नजच्या माळावर आहे. माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं, तेव्हाचं क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. आज तिथे माळढोक दिसणं ही बातमी असते. तो उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो. धाविक, चंडोल, पखुर्डी हेही जमिनीवरचेच. यांच्यासाठी कुठल्याही दुकानात घरटं मिळणार नाही. उलट ‘ओसाड’ माळावर खड्डे काढून झाडं लावण्याची जी हौस पावसाळ्यात उसळते, ती यांचं घर मोडते: झाडावर शिकारी पक्षी बसतात, गवत सावलीत मरतं, आणि दुरून धोका हेरायची मोकळीक जाते. रोपं लावायची तर आपल्या अंगणात, सोसायटीत, शाळेच्या कुंपणाला. माळ गवताचाच राहू द्यावा, आणि फिरायला जाताना सोबत कुत्रं नेऊ नये.

घरटं लावून वर्ष झालं, कुणी फिरकलं नाही, अशी तक्रार नेहमीची. बहुतेकदा ते मार्च-एप्रिलमध्ये विकत घेतलेलं असतं, म्हणजे जोड्यांनी जागा ठरवून झाल्यावर. दिवाळीनंतर, उशिरात उशिरा डिसेंबरात लावावं. तरी रिकामंच राहिलं तर दुपारी चारला जाऊन भोकावर ऊन येतं का बघावं. येत असेल तर शेजारच्या भिंतीवर न्यावं. चिमणा येऊन भोकातून डोकावतो आणि परत जातो, असं होत असेल तर आत मुंग्यांची रांग लागली आहे का तपासावं, खालच्या स्क्रूभोवती व्हॅसलिनचं बोट फिरवलं की ती बंद होते. आणि गळ्याखाली काळा पट्टा असलेला तोच चिमणा घरट्याऐवजी मोटारसायकलच्या आरशावर दिवसभर चोची मारत बसला असेल, तर आरशावर पिशवी घालावी. प्रतिबिंबाला तो दुसरा नर समजतोय, आणि भांडण संपल्याशिवाय संसाराकडे वळणार नाही.